टी पेशीचा आतला सांगाडा उघडून दाखवणारा शैक्षणिक संच: कोकणातल्या वर्गातून एक परीक्षण

पाठ्यपुस्तकातली टी पेशी, म्हणजे रोगजंतूंशी लढणारी एक पांढरी रक्तपेशी, एवढीच असते: एक वर्तुळ आणि त्याच्या कडेला रोवलेले चार-दोन ग्राही, म्हणजे बाहेरचा संदेश टिपणारे रेणू. प्रतिजन, म्हणजे पेशीने ओळखायचा परका रेणू, येऊन ग्राहीला चिकटतो, तिथून एक बाण निघतो आणि बाणाच्या टोकाशी ‘पेशी सक्रिय होते’ असे छापलेले असते. सिंधुदुर्गातल्या किनाऱ्यालगतच्या आमच्या महाविद्यालयात बारावीला आणि पदवीच्या पहिल्या वर्षाला हा भाग शिकवताना तो बाण मला सतत खटकत आला आहे, कारण रोगप्रतिकारक पेशी जागी होणे म्हणजे काय, याचे जवळजवळ सगळे उत्तर त्या बाणातच दडलेले आहे. त्यामुळे पेशीच्या आतल्या सांगाड्यावर, म्हणजे ॲक्टिनचे तंतू आणि सूक्ष्मनलिका यांवर, बेतलेला मराठी पुस्तिकेसह मिळणारा एक संच निघाल्याचे कळताच आम्ही तो विभागाच्या निधीतून मागवला. हे परीक्षण माझ्यासारख्याच शिक्षकांसाठी आहे. संचाच्या विक्रीपश्चात सेवेबद्दल पुढे काही तक्रारी येणार असल्यामुळे तो बनवणाऱ्या संस्थेचे नाव मी लिहीत नाही.

खोक्यात पारदर्शक ॲक्रिलिकचे दोन गोल येतात. त्यांतला एक टी पेशीचा आणि दुसरा तिला प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीचा. टी पेशीचा गोल मधोमध उघडतो. आत केंद्रकाचा लाकडी गोळा, त्याच्या मागे सेंट्रोसोमचा, म्हणजे सूक्ष्मनलिका जिथून निघतात त्या केंद्राचा, पितळी मणी, मण्यापासून सर्व दिशांना गेलेल्या हिरव्या लवचिक नळ्या (सूक्ष्मनलिका) आणि गोलाच्या आतल्या बाजूला लागून बसवलेले तांबड्या रबरी दोऱ्यांचे (ॲक्टिनचे) जाळे, अशी रचना आहे. शिवाय दोन पेशी जिथे भिडतात ती जागा मोठी करून दाखवणारी एक गोल ताटली, तीन भित्तिचित्रे, पेनड्राइव्हवर चित्रफिती आणि शिक्षकासाठी पुस्तिका मिळते. किंमत चार आकड्यांत आहे. एका शिक्षकाने स्वतःच्या खिशातून द्यावी इतकी ती कमी नाही, पण विभागाला न परवडण्याइतकी जास्तही नाही.

मापाबद्दल आधी लिहितो, कारण पुस्तिकेत ते कुठेच सांगितलेले नाही. विश्रांतीतली टी पेशी साधारण 7 मायक्रोमीटर व्यासाची असते आणि संचातला गोल साधारण 21 सेंटिमीटरचा आहे, म्हणजे पेशी 30 हजार पट मोठी केलेली आहे. त्याच हिशेबाने 7 नॅनोमीटर जाडीचा ॲक्टिनचा तंतू शिवणकामाच्या दोऱ्याइतका, म्हणजे 0.2 मिलिमीटरच्या आसपास यायला हवा आणि 25 नॅनोमीटर व्यासाची सूक्ष्मनलिका पाऊण मिलिमीटरची. प्रत्यक्षात तांबडे दोरे जवळपास 3 मिलिमीटर जाड आहेत आणि नळ्या त्याहून जाड. हाताळायच्या वस्तूत एवढी सूट घ्यावीच लागते, पण ती घेतली आहे हे सांगितले नाही, तर विद्यार्थ्यांच्या मनात मोजक्या जाड दोरखंडांनी बांधलेल्या पेशीचे चित्र बसते. मी हा भागाकार फळ्यावर मुलांकडूनच करून घेतो, आणि पुढच्या सगळ्या तासांना त्याचा उपयोग होतो.

संचातली सर्वांत चांगली वस्तू म्हणजे ती ताटली. तिच्यासाठी हा संच घ्यावा, असे माझे स्पष्ट मत आहे. 1998 मध्ये अब्राहम कुप्फर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले, की टी पेशी दुसऱ्या पेशीला भिडते तेव्हा संपर्काच्या जागी रेणू वाटेल तसे विखुरलेले नसतात, तर वलये करून बसतात. मध्यभागी टी पेशीचे ग्राही आणि त्यांच्याभोवती दोन पेशींना धरून ठेवणाऱ्या एलएफए-1 या प्रथिनाचे कडे असते. पुढच्याच वर्षी मायकेल डस्टिन आणि सहकाऱ्यांनी दुसऱ्या पेशीच्या जागी काचेवर पसरलेले कृत्रिम मेदपटल वापरून हीच रचना घडताना पाहिली. मेंदूतल्या चेतापेशींच्या जोडांवरून या संपर्काला सायनॅप्स हेच नाव मिळाले. सर्वांत बाहेरच्या वलयात ॲक्टिनचे दाट, फांद्याफांद्यांचे जाळे अखंड तयार होत असते आणि मिनिटाला काही मायक्रोमीटर वेगाने मध्याकडे वाहत असते. ग्राहींचे छोटे पुंजके कडेला जुळतात, या प्रवाहासोबत आत सरकतात आणि सरकता सरकताच पेशीला संदेश देत राहतात. मध्यभागी पोचल्यावर त्यांचा आवाज बंद होतो आणि त्यांतले बरेचसे ग्राही पेशी आत ओढून घेते.

ताटलीवर हे कसे दाखवले आहे ते पाहण्यासारखे आहे. तिच्यावर ताणलेले तांबडे कापड असून ते मधल्या भोकातून हळूहळू खाली ओढता येते. कापडावर ठेवलेल्या निळ्या चकत्या म्हणजे ग्राहींचे पुंजके. कापड ओढले की त्या कडेकडून मध्याकडे सरकतात आणि भोकाशी येऊन गोळा होतात. एलएफए-1 दाखवणाऱ्या पिवळ्या चकत्या मात्र मधल्या वलयातल्या उंचवट्याला अडून तिथेच राहतात. कापड ओढणारा हात थांबला की सगळेच थांबते. ‘सक्रियता’ हा शब्द न उच्चारताही मुलांना कळते की ही घटना एका क्षणात उरकणारी नाही, तिला गती आणि दिशा आहे, आणि ती गती पेशीचा सांगाडा पुरवतो.

पुस्तिकेत नसलेला एक प्रयोग या ताटलीवर उत्तम होतो. 2005 मध्ये जे ग्रोव्ह्स, डस्टिन आणि सहकाऱ्यांनी काचेवर क्रोमियमच्या अतिसूक्ष्म रेषा आखून ग्राहींची मध्याकडची वाट अडवली. पुंजके रेषांपाशी अडकले, मध्यभागी पोचू शकले नाहीत आणि त्यांचे संदेश नेहमीपेक्षा अधिक काळ चालू राहिले. म्हणजे मध्याकडचा प्रवास हा संदेश बंद करण्याचाही मार्ग आहे. आम्ही प्लास्टिकच्या जुन्या फूटपट्टीचा तुकडा ताटलीच्या कडेला आडवा चिकटवला आणि कापड ओढले. चकत्या पट्टीशी अडल्या. ‘आता ही पेशी अधिक ओरडेल की कमी?’ असे विचारल्यावर वर्गातली बहुतेक उत्तरे ‘कमी’ अशी आली, आणि त्यानंतर जी चर्चा झाली तिच्यात संचाची अर्धी किंमत वसूल झाली. निर्मात्यांनी पुढच्या आवृत्तीत अशी पट्टी ताटलीसोबतच द्यावी.

सेंट्रोसोमचा भागही समाधानकारक आहे. सरपटत फिरणाऱ्या टी पेशीत सेंट्रोसोम केंद्रकाच्या मागे असतो. लक्ष्य पेशी सापडली की काही मिनिटांत तो केंद्रकाला वळसा घालून संपर्काच्या बाजूला येतो. सूक्ष्मनलिकांवर चालणारे डायनिन हे प्रथिन त्याला खेचते, आणि कुठे खेचायचे याची खूण संपर्काच्या जागी साठलेल्या डायॲसिलग्लिसरॉल या मेदरेणूवरून मिळते. मारक टी पेशीत हा वळसा जीवनमरणाचा असतो. परफोरिन आणि ग्रँझाइम ही मारक प्रथिने भरलेल्या पुटिका (सूक्ष्म पिशव्या) सूक्ष्मनलिकांवरून सेंट्रोसोमकडे येतात, सेंट्रोसोम पेशीच्या पटलाला जवळजवळ टेकतो आणि विष नेमके लक्ष्य पेशीवरच सोडले जाते, शेजारच्या निरोगी पेशीवर नाही. संचात पितळी मणी बोटाने सरकवला की हिरव्या नळ्या वाकून त्याच्यामागे येतात. नळ्यांवर ओवलेले काळे मणीही पुढे घसरतात. ही हालचाल इतकी सहज होते की मागच्या बाकावरची मुलेही उठून पुढे येतात.

इथपर्यंत मी संचावर खूश होतो. पुढची अडचण आचऱ्याहून येणाऱ्या एका विद्यार्थ्याच्या प्रश्नाने उघडी पडली. तांबड्या दोऱ्यांचे जाळे बोटाने बाजूला करत त्याने विचारले, “सर, ह्यां जाळां काढलां तर पेशी गप रवतली की जागी होतली?” पुस्तिकेचे उत्तर एका ओळीचे आहे: ॲक्टिन नष्ट केल्यास पेशी सक्रिय होत नाही. हे उत्तर अपुरे आहे आणि बी पेशीच्या, म्हणजे प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशीच्या, बाबतीत तर उलटे आहे.

विश्रांतीतल्या बी पेशीच्या पटलाखाली ॲक्टिनचे जाळे असते आणि एझ्रिन गटातली प्रथिने त्याला पटलाशी जोडून ठेवतात. पटलावरचे ग्राही मोकळे हिंडत नाहीत. आपल्याकडे जांभ्या दगडाच्या गडग्याने (कुंपणाच्या भिंतीने) कुणगे, म्हणजे शेताचे तुकडे, वेगळे केलेले असतात आणि गुरे आपापल्या आवारातच चरतात, तसे हे ग्राही जाळ्याच्या कोंडाळ्यात अडकलेले असतात. एकमेकांना भेटू न शकल्यामुळे ते गप्प राहतात. 2010 मध्ये फाकुंदो बातिस्ता यांच्या गटातील बेबहिन ट्रेनोर आणि सहकाऱ्यांनी लॅट्रंक्युलिन हे तांबड्या समुद्रातल्या स्पंजात प्रथम सापडलेले द्रव्य वापरून बी पेशीतले ॲक्टिन विस्कटले. ग्राही मोकळे झाले आणि प्रतिजनाचा एकही रेणू नसताना पेशीत संदेश उमटू लागला. म्हणजे सांगाडा इथे लगाम आहे. खरा प्रतिजन आला की पेशी स्वतःच एझ्रिन गटाची जोडणी तात्पुरती सैल करते, ग्राही एकत्र येतात, पेशी प्रतिजनावर पसरते आणि मग आकसून तो गोळा करते. या पसरण्या-आकसण्याला पुन्हा ॲक्टिनच लागते.

टी पेशीत चित्र वेगळे आहे. ॲक्टिन आधीच विस्कटले तर ग्राहींचे नवे पुंजके जुळत नाहीत आणि संदेश उमटत नाही. मात्र आधीच जुळून मध्याकडे गेलेल्या पुंजक्यांना त्याची फारशी झळ पोचत नाही. मारक पेशीत तर एकाच भेटीत दोन्ही गोष्टी दिसतात. पुटिका सोडण्यापूर्वी संपर्काच्या मध्यभागचे ॲक्टिन विरळ होते, पुटिका बाहेर पडतात आणि मग ॲक्टिनचा थर तिथे पुन्हा भरून येतो व विष सोडणे थांबते. सांगाडा आधी वाट मोकळी करतो आणि काम झाले की तीच वाट बंद करतो. रोगप्रतिकारक पेशीच्या सक्रियतेचे नियमन म्हणतात ते हेच. सांगाडा पेशीला जागे करतो, गरज नसताना जागे होऊ देत नाही आणि काम संपल्यावर थांबवतोही. संचात मात्र तो फक्त जागे करणारा म्हणून येतो. आतील तांबडे जाळे गोलाला कायमचे चिकटवलेले आहे. ते सैल करता येत नाही, कुठे विरळ करता येत नाही, आणि बी पेशी तर खोक्यात नाहीच. इतक्या कष्टाने केलेल्या संचातली ही उणीव मला मोठी वाटते, कारण नेमक्या याच ठिकाणी पाठ्यपुस्तकातला बाण मोडायचा होता.

पुस्तिकेचे उरलेले लेखन मन लावून केलेले आहे. विस्कॉट–ऑल्ड्रिच आजारावरची पाने मी वर्गात जशीच्या तशी वाचून दाखवतो. 1937 मध्ये जर्मन बालरोगतज्ज्ञ आल्फ्रेड विस्कॉट यांनी वारंवार जंतुसंसर्ग, इसब आणि रक्तस्राव या तिहेरी त्रासाने ग्रासलेल्या तीन सख्ख्या भावांचे वर्णन केले. 1954 मध्ये रॉबर्ट ऑल्ड्रिच यांनी अमेरिकेतल्या एका कुटुंबात हा आजार एक्स गुणसूत्रावरून येत असल्याचे दाखवले आणि 1994 मध्ये त्याचे जनुक सापडले. त्या जनुकापासून बनणारे डब्ल्यूएएसपी हे प्रथिन पेशीच्या आतला इशारा घेऊन एआरपी-2/3 या प्रथिनसंचाला कामाला लावते. हा प्रथिनसंच जुन्या ॲक्टिन तंतूवर सुमारे 70 अंशांच्या कोनात नवी फांदी काढतो. डब्ल्यूएएसपी नसेल तर टी पेशीची पकड टिकत नाही, आणि रक्तातल्या प्लेटलेट तर आकाराने लहान व संख्येने थोड्या राहतात. एका प्रथिनाच्या अभावाने सांगाडा बिघडतो आणि त्यातून एखाद्या बाळाचे आयुष्य धोक्यात येते, हे वाचताना वर्ग अगदी शांत होतो. 1968 मध्ये या आजारावर अस्थिमज्जेचे रोपण झाले, ते या उपचाराच्या इतिहासातल्या पहिल्या यशस्वी रोपणांपैकी एक होते, हेही पुस्तिकेत आले आहे. एक गोष्ट मात्र राहिली आहे: या मुलांपैकी पुष्कळांमध्ये संसर्गाबरोबरच शरीर स्वतःवरच उलटण्याचे विकारही दिसतात. प्रतिकार कमी आणि अवेळी प्रतिकार जास्त, असे दोन्ही एकाच मुलात कसे, याचे एक महत्त्वाचे कारण सांगाड्याच्या या दुहेरी कामात आहे. पुस्तिकेने ते लिहिले असते, तर वरची उणीव अर्धी भरून निघाली असती.

सूक्ष्मनलिकांच्या प्रकरणात कोकणातल्या शिक्षकाला एक उदाहरण स्वतःहून जोडता येईल. श्रावणात आपल्याकडे कुंपणांवर आणि झुडपांत चढणारी, पानाच्या टोकाला ताणा असलेली, तांबड्या-पिवळ्या नागमोडी पाकळ्यांची कळलावी सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या कंदात आणि बियांत कॉल्चिसीन असते. ते ट्युब्युलिन या प्रथिनाला चिकटते आणि सूक्ष्मनलिका बनू देत नाही. गाऊट या सांधेदुखीत वापरले जाणारे औषध हेच. सूक्ष्मनलिका विस्कळीत झाल्या की न्यूट्रोफिल या पांढऱ्या रक्तपेशींचे सुजलेल्या सांध्याकडे धावणे मंदावते आणि दाह पेटवणारी प्रथिनांची जुळणीही अडखळते. जून 2023 मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने हृदयविकाराचा धोका कमी करण्यासाठीही कमी मात्रेतल्या कॉल्चिसीनला मान्यता दिली. रोगप्रतिकारक पेशीला तिच्या सांगाड्यावाटे आवर घालणारे औषध आपल्या बांधावर उगवते, हे मुलांना सांगताना ती वनस्पती तीव्र विषारी आहे, कंद-बिया तोंडात घालायच्या नाहीत आणि तोडताना-उपटताना खेळायचे नाही, हे मी दरवेळी तितक्याच ठामपणे सांगतो. इतर शिक्षकांनीही सांगावे.

चित्रफितींविषयी थोडक्यात लिहितो. आवाज स्पष्ट आहे, मराठी नीट आहे, पण ॲक्टिनचे जाळे त्यांत पार्श्वभूमीसारखे स्थिर उभे असते आणि फक्त रेणू धावतात. जिवंत पेशीत तंतू एका टोकाला वाढतात, दुसऱ्या टोकाला झडतात आणि त्यातून पटलावरच्या रेणूंना एकत्र आणणारे बल निर्माण होते. बेंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात सत्यजित मेयर आणि मदन राव यांनी या विषयावर मोलाचे संशोधन केले आहे. आपल्याच देशात झालेले हे काम चित्रफितीत यायला हवे होते. मी तास ताटलीवर घेतो आणि चित्रफिती घरी पाहायला देतो.

आता टिकाऊपणाविषयी लिहितो, कारण हा संच कोरड्या हवेच्या शहरात बसून आखलेला दिसतो. सेंट्रोसोमचा मणी पितळी असल्यामुळे टिकला, पण नळ्या ज्या खिळ्यांवर बसवल्या आहेत ते साध्या लोखंडाचे आहेत. खाऱ्या वाऱ्याने पहिल्याच पावसाळ्यात त्यांना गंज चढला आणि दोन नळ्या सुटल्या. भित्तिचित्रे पुठ्ठ्यावर चिकटवलेली आहेत. आषाढ संपायच्या आत त्यांच्या मागच्या बाजूने बुरशी धरली आणि कोपरे फुगून उकलले. ताटलीचे कापड मात्र अजून उत्तम ताणलेले आहे. नळ्यांसाठी विक्रेत्याला कळवले, तेव्हा फोनवर उत्तर सौजन्याने मिळाले, पण सुटे भाग गणपती उरकले तरी आले नव्हते. शेवटी प्रयोगशाळा सहायकांनी सलाइनच्या नळीचे तुकडे आणि स्टेनलेस स्टीलचे छोटे स्क्रू वापरून दुरुस्ती केली. ती कंपनीच्या जोडणीपेक्षा भक्कम आहे.

बारावीच्या वर्गासाठी ताटली आणि सेंट्रोसोम एवढा भाग पुरेसा आहे, आणि तेवढ्यासाठीही मी हा संच घ्या असे सांगेन. पदवीच्या वर्गासाठी तो घ्यायचा असेल, तर बी पेशीचा भाग शिक्षकाला स्वतः उभा करावा लागेल. आम्ही ॲक्रिलिकच्या दुसऱ्या गोलावर, म्हणजे प्रतिजन दाखवणाऱ्या पेशीच्या गोलावर, नायलॉनच्या मासेमारीच्या जाळ्याचा तुकडा रबराने बसवला आहे. त्याच्या घरांत थर्मोकोलचे मणी अडकवतो, रबर सैल केला की मणी घरंगळून एकमेकांना भिडतात, आणि विश्रांतीतली बी पेशी कशी जागी होते ते दाखवता येते. किनाऱ्यावरच्या महाविद्यालयांनी मागणी नोंदवताना लोखंडी खिळ्यांऐवजी स्टेनलेस खिळे मिळतील का आणि भित्तिचित्रे पुठ्ठ्यावर न चिकटवता गुंडाळून पाठवतील का, हे आधीच लेखी विचारून घ्यावे. चित्रे तशी मिळाली, तर पावसाळ्यापूर्वी लॅमिनेट करता येतात.